दोन देशांचा एक संघ, आणि आठ वेळा न उघडलेलं दार

14 ऑक्टोबर 2023. पॅरिसजवळचं स्टाड दे फ्रान्स मैदान. रग्बी विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी. 80 मिनिटं संपली होती. न्यूझीलंड 28, आयर्लंड 24. रग्बीत वेळ संपली तरी चेंडू खेळात असेपर्यंत पंच शिट्टी वाजवत नाहीत, आणि चेंडू आयर्लंडच्या हातात होता. चेंडू घ्यायचा, अंगावर धडक द्यायची, खाली पडायचं, मागच्याने तो पुन्हा उचलायचा. असे एक-दोन नव्हे, 37 टप्पे झाले. शेवटी न्यूझीलंडच्या सॅम व्हाइटलॉकने चेंडू अडकवला आणि खेळ संपला. आयर्लंडचा कर्णधार जॉनी सेक्स्टन 38 वर्षांचा होता. त्याची कारकीर्द तिथेच थांबली.

त्या दिवशी आयर्लंड जागतिक क्रमवारीत पहिल्या स्थानावर होता. सलग 17 सामने जिंकून तो मैदानात उतरला होता. तरीही झालं तेच. 1987 पासून रग्बीचे दहा विश्वचषक झाले. आयर्लंड दहाही खेळला. आठ वेळा उपांत्यपूर्व फेरी गाठली आणि आठही वेळा तिथेच हरला. उरलेल्या दोन वेळा तर तिथपर्यंतही पोचला नाही. उपांत्य सामना एकही नाही. इतकी वर्षं पहिल्या फळीत राहूनही असा कोरा रकाना असलेला दुसरा संघ सापडणार नाही.

पण या संघाची दुसरीही एक बाजू आहे, आणि राज्याच्या रेषेवर राहणाऱ्या वाचकाला ती जास्त जवळची वाटेल. हा संघ एका देशाचा नाही. तो दोन देशांत विभागलेल्या एका बेटाचा आहे.

रेषा पडली, संघ राहिला

1921 साली आयर्लंडची फाळणी झाली. उत्तरेकडचे सहा परगणे ब्रिटनमध्ये राहिले आणि दक्षिणेकडच्या 26 परगण्यांचा पुढे स्वतंत्र देश झाला. रेषा ओढली की शाळा, कचेरी, पाटी, सगळ्याला दोन बाजू पडतात, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. तिथेही तसंच झालं. फुटबॉलची संघटना फुटली. त्यामुळे आजही फुटबॉलमध्ये उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड प्रजासत्ताक असे दोन वेगळे संघ खेळतात.

रग्बी मात्र फुटली नाही. आयरिश रग्बी फुटबॉल युनियन 1879 मध्येच उभी राहिली होती, म्हणजे फाळणीच्या 40 वर्षं आधी. तिची रचना चार जुन्या प्रांतांवर होती: अल्स्टर, लेन्स्टर, मन्स्टर आणि कॉनॉट. आता गंमत बघा. अल्स्टर प्रांतात नऊ परगणे. त्यातले सहा ब्रिटनमध्ये गेले, तीन दक्षिणेत राहिले. सरकारांनी प्रांत कापला, रग्बीने तो अखंड ठेवला.

आपल्याकडच्या क्रिकेटप्रेमींनी असा संघ पाहिलेला आहे, फक्त त्या नजरेने नसेल. 2 मार्च 2011 रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर आयर्लंडने इंग्लंडचं 328 धावांचं लक्ष्य पार केलं. केव्हिन ओब्रायनने 50 चेंडूंत शतक ठोकलं. ओब्रायन डब्लिनचा, म्हणजे दक्षिणेचा. त्या संघाचा कर्णधार विल्यम पोर्टरफील्ड उत्तर आयर्लंडचा. क्रिकेटचा संघही असाच, दोन्ही बाजूंचा मिळून एक.

एक संघ ठेवणं बोलायला सोपं आहे. झेंडा कुणाचा आणि राष्ट्रगीत कुठलं, हे प्रश्न प्रत्येक सामन्याला उभे राहतात. 1954 मध्ये बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर दक्षिणेतल्या खेळाडूंनी ब्रिटिश राष्ट्रगीतासाठी रांगेत उभं राहायला नकार दिला. तोडगा निघाला, सामना झाला. पण त्यानंतर आयर्लंडचा पूर्ण दर्जाचा आंतरराष्ट्रीय सामना बेलफास्टमध्ये व्हायला 2007 साल उजाडावं लागलं.

पहिल्या विश्वचषकाआधीचा रस्ता

पहिला विश्वचषक 1987 च्या मे महिन्यात न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात सुरू झाला. त्याच्या महिनाभर आधी, 25 एप्रिलला, उत्तरेतले तीन खेळाडू एका गाडीतून बेलफास्टहून डब्लिनला सरावाला निघाले होते. डेव्हिड अर्विन, नायजेल कार आणि फिलिप रेनी. न्यूरीच्या पुढे, सीमेजवळ किलीन इथे, समोरून येणाऱ्या एका न्यायाधीशांच्या गाडीला लक्ष्य करून आयआरएने बॉम्ब उडवला. न्यायाधीश मॉरिस गिब्सन आणि त्यांची पत्नी सेसिली जागीच ठार झाले. खेळाडूंची गाडी त्याच स्फोटात सापडली. तिघे वाचले, पण कार याला झालेल्या दुखापतींनी त्याची कारकीर्द संपली. विश्वचषकासाठी निवड झालेला हा आघाडीचा खेळाडू पुन्हा आयर्लंडकडून खेळला नाही.

ही घटना लक्षात ठेवायला हवी. दुसऱ्या संघांचे खेळाडू सरावाला जातात तेव्हा वाहतुकीची चिंता करतात. या संघातल्या उत्तरेच्या खेळाडूंना सराव गाठायलाच सीमा ओलांडावी लागत होती, तीही त्या काळातली.

पुढे न्यूझीलंडमध्ये वेगळीच अडचण आली. वेल्सविरुद्धच्या सामन्याआधी वाजवायचं काय? प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत उत्तरेच्या खेळाडूंना चालणार नाही, ब्रिटिश राष्ट्रगीत दक्षिणेला चालणार नाही. शेवटी 'रोज ऑफ ट्रली' या जुन्या प्रेमगीताची टेप लावण्यात आली. सगळ्यांनाच ओशाळं झालं. आयर्लंड तो सामना 13-6 ने हरला, कॅनडा आणि टोंगाला हरवून उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि तिथे ऑस्ट्रेलियाकडून 33-15 असा हरला.

राष्ट्रगीताचा प्रश्न सुटायला आठ वर्षं गेली. 1995 च्या विश्वचषकासाठी उत्तरेतल्या डेरी शहराचे संगीतकार फिल कोल्टर यांच्याकडून 'आयर्लंड्स कॉल' हे नवं गीत करून घेण्यात आलं. चारही प्रांतांचं, कुठल्याही एका देशाचं नाही. तेव्हापासून नियम असा: सामना डब्लिनमध्ये असेल तर प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत आणि 'आयर्लंड्स कॉल' दोन्ही, परदेशात फक्त 'आयर्लंड्स कॉल'. या गीतावर दोन्हीकडचे लोक नाकं मुरडतात. कुणाला ते मिळमिळीत वाटतं, कुणाला तडजोड वाटते. तडजोड आहेच ती. पण गेली तीस वर्षं टिकली आहे.

जिंकता जिंकता

आठ पराभवांतला सगळ्यात जिव्हारी लागलेला 1991 चा. उपांत्यपूर्व सामना डब्लिनच्याच लॅन्सडाउन रोडवर, समोर पुन्हा ऑस्ट्रेलिया. सामना संपायला काही मिनिटं उरलेली असताना गॉर्डन हॅमिल्टनने मैदानाच्या कडेने धाव घेऊन ट्राय केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे टेकवला. हॅमिल्टन अल्स्टरचा. त्यावरची किक मारणारा राल्फ कीज दक्षिणेतल्या कॉर्कचा. 18-15. प्रेक्षक मैदानात उतरले. आणि मग मायकेल लायनाने शेवटच्या क्षणी ट्राय करून ऑस्ट्रेलियाला 19-18 असं जिंकून दिलं. ऑस्ट्रेलिया पुढे विश्वविजेता झाला.

1995 मध्ये डर्बनला फ्रान्सने 36-12 असं हरवलं. 1999 मध्ये स्पर्धेत 20 संघ झाले आणि काही संघांना उपांत्यपूर्व फेरीआधी एक जादा सामना खेळावा लागला. फ्रान्समधल्या लॉन्स गावात आयर्लंड तो सामना अर्जेंटिनाकडून 28-24 असा हरला. आयर्लंडचे सगळेच्या सगळे 24 गुण अल्स्टरच्या डेव्हिड हम्फ्रीजने किक मारून मिळवले होते. ट्राय एकही नाही. त्याच वर्षी जानेवारीत हम्फ्रीजच्या नेतृत्वाखाली अल्स्टरने डब्लिनमध्ये युरोपियन कप जिंकला होता. आदल्या वर्षी, 1998 मध्ये, उत्तर आयर्लंडचा शांतता करार झाला होता. बेलफास्टच्या संघासाठी डब्लिनचं मैदान भरलं होतं, याचं मोल तिथल्या लोकांना जास्त कळलं.

2007: मैदानाबाहेर शिखर, मैदानात तळ

हे एक वर्ष या संघाची सगळी कहाणी सांगतं. फेब्रुवारीत डब्लिनच्या क्रोक पार्कवर इंग्लंडचा संघ आला. 1920 मध्ये याच मैदानावर ब्रिटिश दलांनी केलेल्या गोळीबारात 14 जण मारले गेले होते. तिथे ब्रिटिश राष्ट्रगीत वाजलं, प्रेक्षकांनी ते शांतपणे, मानाने ऐकलं, आणि मग आयर्लंडने इंग्लंडला 43-13 असं झोडपलं. ऑगस्टमध्ये विश्वचषकाच्या तयारीचा सामना इटलीविरुद्ध बेलफास्टला झाला. 53 वर्षांनी संघ उत्तरेत खेळला.

एवढं सगळं जमून आलं, आणि दोन महिन्यांत फ्रान्समधल्या विश्वचषकात संघ कोसळला. नामिबियाविरुद्ध 32-17 अशी अडखळत जीत, जॉर्जियासमोर 14-10 असा जेमतेम निभाव, मग फ्रान्स आणि अर्जेंटिनाकडून पराभव. साखळीतूनच घरी. एकत्र राहणं आणि जिंकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वर्षाने दाखवलं.

हिशेब मांडला तर

आयर्लंडमध्ये या पराभवांना 'नशीब' म्हणायची पद्धत पडली आहे. आकडे वेगळं बोलतात. आठ उपांत्यपूर्व पराभवांचा फरक क्रमाने असा: 1987 मध्ये 18 गुण, 1991 मध्ये 1, 1995 मध्ये 24, 2003 मध्ये फ्रान्सकडून 22, 2011 मध्ये वेल्सकडून 12, 2015 मध्ये अर्जेंटिनाकडून 23, 2019 मध्ये न्यूझीलंडकडून 32, आणि 2023 मध्ये 4. म्हणजे आठांपैकी फक्त दोन सामने खरंच हातातून निसटले. उरलेल्या सहांत 12 किंवा त्याहून जास्त गुणांचं अंतर आहे. याला नशीब म्हणता येत नाही.

मग कारण काय? एक, वेळ चुकते. आयर्लंडची भरती विश्वचषकाच्या आधी येते आणि विश्वचषकात ओसरते. 2009 आणि 2018 मध्ये सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत सगळे सामने जिंकून 'ग्रँड स्लॅम' मिळवला. 2018 च्या नोव्हेंबरात न्यूझीलंडला डब्लिनमध्ये 16-9 असं हरवलं. 2019 च्या सप्टेंबरात क्रमवारीत पहिला क्रमांक आला. आणि त्याच महिन्यात विश्वचषकात यजमान जपानने 19-12 असं गारद केलं. पुढे टोकियोत न्यूझीलंडने 46-14.

दुसरं कारण, पेटी लहान आहे. अख्ख्या बेटाची लोकसंख्या सुमारे 70 लाख. त्यातही गेलिक फुटबॉल आणि हर्लिंग हे तिथले मातीतले खेळ, धडधाकट पोरं आधी तिकडे जातात. पहिले 15 जगात कुणालाही भारी. पण तीन-चार जण गळाले की फट पडते. 2015 मध्ये साखळीत फ्रान्सला 24-9 असं हरवताना कर्णधार पॉल ओकॉनेल आणि पीटर ओमाहोनी जायबंदी झाले, सेक्स्टनलाही दुखापत झाली, शॉन ओब्रायनवर बंदी आली. आठवड्याने अर्जेंटिनाने 43-20 असा निकाल लावला.

तिसरं, सोडत. 2023 च्या स्पर्धेची गटवारी 2020 च्या जानेवारीतल्या क्रमवारीवर ठरली होती. तीन वर्षांत क्रमवारी बदलली आणि आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड, फ्रान्स हे चारही बलाढ्य संघ एकाच अर्ध्यात अडकले. साखळीत आयर्लंडने दक्षिण आफ्रिकेला 13-8 असं हरवलं. तोच आफ्रिकेचा संघ शेवटी विश्वविजेता झाला.

'दोन देशांचा संघ, म्हणून मनं जुळत नाहीत' असंही बाहेरून कधी म्हटलं जातं. त्याला पुरावा नाही. 2018 चा ग्रँड स्लॅम ज्याच्या नेतृत्वाखाली मिळाला तो रोरी बेस्ट उत्तरेतल्या, सीमेला लागून असलेल्या आर्मा परगण्यातला. न्यूझीलंडवर पहिलावहिला विजय, 2016 चा शिकागोतला 40-29, तोही त्याच्याच नेतृत्वाखाली. 2022 मध्ये न्यूझीलंडच्या घरी जाऊन आयर्लंडने मालिका 2-1 अशी जिंकली. मनं जुळत नसती तर हे झालं नसतं.

खरी काळजी वेगळीच

दरी आहे, पण ती मनांची नाही, पुरवठ्याची आहे. 2023 च्या त्या शेवटच्या सामन्यात मैदानात उतरलेले पहिले 15 पाहा. 10 लेन्स्टरचे, 2 मन्स्टरचे, 2 कॉनॉटचे आणि अल्स्टरचा फक्त एक, इयान हेंडरसन. 1995 मध्ये रग्बी व्यावसायिक झाली आणि चार प्रांत हेच चार व्यावसायिक संघ बनले. डब्लिन लेन्स्टरमध्ये आहे. तिथल्या मोजक्या खासगी शाळांमधून तयार पोरं थेट लेन्स्टरच्या अकादमीत जातात. पैसा, प्रेक्षक, प्रशिक्षक, सगळं तिकडे ओढलं जातं. युनियन मोठ्या खेळाडूंना स्वतःच्या करारावर ठेवते, त्यातही लेन्स्टरचा वाटा मोठा.

उत्तरेत पाया मुळातच अरुंद. तिथे रग्बी प्रामुख्याने प्रोटेस्टंट परंपरेच्या शाळांमध्ये खेळली जाते, कॅथलिक शाळांमध्ये गेलिक खेळ. 1998 नंतर चौक्या गेल्या, शाळांमधली ही विभागणी अजून पुरती गेली नाही. एकेकाळी हॅमिल्टन, हम्फ्रीज, बेस्ट देणारा अल्स्टर आज संघात एक-दोन जागांपुरता उरला तर 'चार प्रांतांचा संघ' हे नाव कागदावर राहील. संघ एकत्र ठेवायला फाळणीही आड आली नाही, बॉम्बही नाही. तो बाजाराच्या ओढीने एका बाजूला झुकला, तर त्याला काय म्हणायचं?

2023 चा विश्वचषक भरवण्यासाठी दोन्ही सरकारांनी मिळून दावा केला होता, बेलफास्ट ते कॉर्क अशा मैदानांसह. 2017 च्या मतदानात पहिल्याच फेरीत तो बाद झाला: फ्रान्स 18, दक्षिण आफ्रिका 13, आयर्लंड 8. तो जिंकला असता तर उत्तरेत मैदानं उभी राहिली असती, शाळांपर्यंत खेळ पोचला असता, असं तिथे आजही बोललं जातं.

मुलींच्या बाजूने मात्र एक दार उघडलेलं आहे. 2014 च्या महिला विश्वचषकात आयर्लंडने न्यूझीलंडला 17-14 असं हरवून उपांत्य फेरी गाठली होती. तेव्हा स्पर्धेत 12 संघ होते आणि उपांत्यपूर्व फेरी नव्हती, हे खरं. पण पुरुषांना जे चार दशकांत जमलं नाही ते त्यांच्या नावावर आहे.

2027 मध्ये काय?

पुढचा विश्वचषक ऑक्टोबर-नोव्हेंबर 2027 मध्ये ऑस्ट्रेलियात आहे. आयर्लंडच्या गटात स्कॉटलंड, उरुग्वे आणि पोर्तुगाल. स्कॉटलंडशी गाठ सलग तिसऱ्या विश्वचषकात. संघ 20 वरून 24 झाले आहेत आणि बाद फेरी आता 16 संघांपासून सुरू होईल.

यात एक मजेशीर गोष्ट दडली आहे. विश्वचषकात बाद फेरीचा एकही सामना आयर्लंडने आजवर जिंकलेला नाही. 2027 मध्ये तो जिंकण्याची संधी आहे आणि बातम्यांचे मथळेही तसे येतील. पण तो जिंकून आयर्लंड पोचेल कुठे? पुन्हा उपांत्यपूर्व फेरीतच. त्याच दारात. त्यामुळे तेव्हा निकालाच्या पाटीबरोबर पहिल्या 15 नावांची यादीही पाहावी, आणि त्यात अल्स्टरचे किती ते मोजावं.

किलीनच्या त्या जागेजवळून आज बेलफास्ट-डब्लिनचा मोठा रस्ता जातो. चौकी नाही, तपासणी नाही. सीमा आली हे कळतं ते वेगमर्यादेच्या पाट्यांवरून: उत्तरेत मैल, दक्षिणेत किलोमीटर. सामन्याच्या दिवशी अल्स्टरच्या गाड्या याच रस्त्याने डब्लिनला जातात आणि रात्री परततात. उपांत्य फेरी अजून मिळालेली नाही. हा रस्ता मात्र मिळाला आहे.